परीक्षा पास झालास, आता उभं कुठं राहायचं?

तुझ्या लांबलचक प्रश्नाचं सार असं: वय २०, गेल्या महिन्यात फुटबॉल पंचांची जिल्हा परीक्षा पास झालास. येत्या रविवारी १४ वर्षांखालच्या शाळकरी मुलांचा पहिला सामना मिळालाय. तीन हंगाम पेठेतल्या तालमीकडून (आपल्याकडं तालीम म्हणजे फुटबॉलचा संघही) लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळलास, आणि आता तिथलीच पोरं म्हणतायत, ‘तू आता आमचा राहिला नाहीस.’ विकत काय घ्यायचं, कार्ड कधी काढायचं, पालकांच्या शिव्या कशा पचवायच्या आणि तालमीचं काय करायचं, हे तू विचारलंयस.

मी कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत २२ हंगाम शिट्टी वाजवली. आता गुडघा कुरकुरतो, म्हणून नव्या पोरांचं काम बघत मैदानाबाहेर उभा असतो. तुझ्या यादीत एक प्रश्न नाही, आणि तो कुठल्याच नव्या पंचाच्या यादीत नसतो. मैदानात उभं कुठं राहायचं? बाकीच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे, म्हणून आधी तेच घेतो.

१० मीटरवरून तू एखादा फाऊल चुकीचा दिलास, तर खेळाडू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो आणि पळायला लागतो. ४० मीटरवरून अगदी बरोबर फाऊल दिलास, तरी सगळे अंगावर येतात, ‘तिथनं काय दिसलं तुला?’ आणि खरं सांगू का, त्यांचा प्रश्न रास्त असतो. तू लेफ्ट बॅक असताना हेच ओरडला असशील.

परीक्षेत तू कर्णरेषेची पद्धत लिहिली असशील. पंचानं एका कोपऱ्याकडून समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडं पळायचं, दोन लाइनमननी उरलेल्या दोन बाजू धरायच्या, म्हणजे खेळ कायम दोघांच्या नजरेच्या मधे सापडतो. पद्धत चांगली आहे, पण नवी पोरं तिच्यावरून रेल्वेसारखी जातात-येतात. रेषा खुणेपुरती. तुला बघायची आहे ती दोन खेळाडूंमधली फट. चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या बरोबर पाठीमागं असशील तर त्याची पाठ तेवढी दिसेल. समोरच्याचा पाय चेंडूला लागला की घोट्याला, हे कळणार नाही. अशा वेळी पुढं २० मीटर पळण्यापेक्षा आडवं ४ पावलं सरकणं कामाला येतं. फट दिसली की निर्णय आपोआप सुचतो, आणि तो देताना आवाजही कापत नाही.

गोल किक मारली जाताना मारणाऱ्याकडं बघत उलट्या पावलांनी जाऊ नकोस. चेंडू जिथं पडणार त्या जागेकडं आधीच निघ. हवेतला चेंडू काही गुन्हा करत नाही. खाली त्याची वाट बघणारे दोघं कोपरं मारत असतात.

शाळकरी सामन्यात आणखी एक भानगड असते. चेंडू जिथं, तिथं मधमाश्यांच्या मोहोळासारखी पंधरा पोरं. त्यात शिरायचं नाही. मोहोळाच्या कडेला, ७-८ मीटरवर राहायचं. आत शिरलास की चेंडू तुलाच लागतो, आणि मग नियम आठवावा लागतो: तुला लागून चेंडूचा ताबा दुसऱ्या संघाकडं गेला, किंवा त्यातून चांगली चढाई सुरू झाली, किंवा चेंडू थेट गोलात गेला, तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल, म्हणजे तू हातातून चेंडू खाली सोडून खेळ पुन्हा सुरू करायचा. २०१९ च्या आधी असं नव्हतं, पंच म्हणजे मैदानातला दगड समजला जायचा. गावाकडच्या बऱ्याच प्रशिक्षकांच्या डोक्यात अजून तोच जुना नियम आहे, तेव्हा ते ओरडतील. ओरडू देत.

हे सगळं करायला पाय हवेत. फिटनेस चाचणीसाठी ७५ मीटर पळणं आणि २५ मीटर चालणं हे तू केलं असशीलच. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एका फेरीत ते ४ वेळा बसतं. चाचणी संपली म्हणून सोडू नकोस. आठवड्यातून दोनदा तेच कर, आणि त्यात थोडं आडवं आणि मागं पळणं घाल. खेळाडूची दमछाक त्याच्या जागेपुरती असते, लेफ्ट बॅकला तर अर्धा सामना उभंच राहायला मिळतं (रागावू नकोस). पंचाला बदली खेळाडू नसतो.

आता खरेदी. फार पैसे घालू नकोस. दोन शिट्ट्या घे, त्यातली एक तरी आत गोळी नसलेली. गोळीची शिट्टी ओली झाली किंवा जोरात फुंकली की गोळी अडकते आणि नेमक्या पेनल्टीच्या वेळी नुसती हवा निघते. दोन घड्याळं: एक पूर्ण वेळ चालू, दुसरं थांबवता येणारं. टॉसला नाणं. पेन नको, पेन्सिल घे; घामानं भिजलेल्या कागदावर पेन चालत नाही. पिवळं आणि लाल कार्ड वेगवेगळ्या खिशात ठेव. माझं पिवळं छातीच्या खिशात असायचं आणि लाल पाठीमागच्या. लाल काढायला हात मागं जाईपर्यंत अर्धा सेकंद विचार करायला मिळतो. काळा शर्ट आहेच, दुसऱ्या रंगाचा एक घे, कारण गोलकीपर हमखास काळ्यात येतो. आणि दोन निशाणं पिशवीत टाक. शाळांच्या स्पर्धेत निशाणं नेहमी ‘कालपर्यंत होती’ अशी असतात.

रविवारी सामना ८ चा असेल तर तू ७ ला मैदानावर. पहिला दौरा गोलपोस्टांचा. उचलून ठेवता येणारे लोखंडी पोस्ट असतील तर ते जमिनीला पक्के केलेत का, हे हातानं हलवून बघ. पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि पोस्ट अंगावर येतो. पक्के नसतील तर सामना सुरू करायचा नाही, मग आयोजक कितीही म्हणू दे, ‘काही होत नाही ओ.’ यात तडजोड नाही. बाकी जाळीची भोकं, कॉर्नरची निशाणं, गोलसमोरचा खड्डा, मधोमध क्रिकेटचं पीच, हे बघून घे आणि जमेल तेवढं दुरुस्त करून घे. आपल्याकडं आदर्श मैदानाची वाट बघितली तर हंगाम संपेल.

आयोजकाला तीन गोष्टी विचारून कागदावर लिही: अर्धा डाव किती मिनिटांचा, बदली खेळाडू किती आणि परत येऊ शकतो का, बरोबरी झाली तर पुढं काय. वयोगटाच्या स्पर्धांत हे सगळं बदलतं, आणि ‘मोठ्यांत असतं तसं असेल’ असं धरून चालणारा पंच शेवटच्या मिनिटाला तोंडघशी पडतो. नियमपुस्तक दर वर्षी १ जुलैपासून नवं लागू होतं, तेव्हा स्पर्धा कुठल्या नियमांनी चाललीय हेही विचार. उदाहरणार्थ, गोलकीपरनं चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर आता समोरच्या संघाला कॉर्नर, आणि शेवटचे ५ सेकंद तू हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे. हा बदल २०२५ चा आहे. शाळकरी गोलकीपरला तो माहीत नसण्याची शक्यता मोठी, म्हणून सामन्याआधी दोन्ही गोलकीपरांना जवळ बोलावून सांग. पहिल्यांदाच कॉर्नर देऊन पोराला रडवण्यात काय मर्दुमकी आहे?

मग खेळाडूंची तपासणी. शिन गार्ड सगळ्यांना हवेच. कडं, अंगठी, साखळी, कानातलं काढायचं; वर चिकटपट्टी लावून चालत नाही, हे नियमात स्पष्ट आहे. आपल्याकडं एखादा भिकबाळी घालून येतो आणि ‘काढली तर आजी रागवंल’ म्हणतो. हसून सांग, आजीला माझं नाव सांग. मनगटावरच्या जोतिबाच्या सुती दोऱ्यावरून मात्र मी कधी युद्ध पुकारलं नाही. त्यानं कुणाला इजा होत नाही.

लाइनमन म्हणून बहुधा दोन्ही शाळांचे एकेक शिक्षक किंवा पालक मिळतील. त्यांना एवढंच सांग: चेंडू पूर्ण बाहेर गेला की निशाण वर, बाकी मी बघतो. ऑफसाईड (साथीदारानं चेंडू मारला तेव्हा फॉरवर्ड शेवटच्या बचावपटूच्या पुढं होता का, हा निर्णय) त्यांच्याकडं देऊ नकोस. बापाच्या डोळ्याला समोरच्या संघाचा प्रत्येक फॉरवर्ड ऑफसाईड दिसतो. मग ऑफसाईड तुझ्याकडं आला, म्हणजे तुला कर्णरेषा सोडून थोडं बाहेरच्या अंगाला, शेवटच्या बचावपटूच्या पातळीवर जास्त राहावं लागेल. चेंडू साथीदारानं मारला त्या क्षणाची जागा बघायची, पोरानं चेंडू घेतला त्या क्षणाची नाही. आणि जागेत हात मोजायचे नाहीत. खात्री असेल तेच दे. थ्रो, कॉर्नर आणि गोल किकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाईड नसतो. यावर किमान एक पालक रविवारी ओरडणार, लिहून ठेव.

सामन्याच्या पहिल्या १० मिनिटांत तू पूर्ण सामन्याची भाषा ठरवतोस. पहिला स्पष्ट फाऊल सोडू नकोस. शिट्टी कडक वाजव, हात सरळ दाखव, जागेवर पोच. शिट्टीलाही चढउतार असतो: साध्या फाऊलला छोटी, आडदांड फाऊलला लांब आणि जोराची. मैदानातल्या पोरांना ते शब्दांपेक्षा लवकर कळतं. फाऊलची प्रत ठरवताना तीन पायऱ्या डोक्यात ठेव. निष्काळजीपणा असेल तर नुसता फाऊल. समोरच्याला लागेल याची फिकीरच नसेल तर पिवळं. गरजेपेक्षा जास्त ताकद लावून समोरच्याला धोक्यात घातलं असेल तर लाल. चेंडू लागला की नाही, हा प्रश्न वेगळा. ‘चेंडूच खेळला ओ मी’ हे वाक्य तू स्वतः किती वेळा म्हणालायस, आठव. चेंडू खेळूनही माणूस मोडता येतो.

अॅडव्हान्टेज, म्हणजे फाऊल झालेल्या संघाचाच फायदा होत असेल तर शिट्टी न वाजवता खेळ चालू ठेवणं, जपून दे. मोठ्यांच्या सामन्यात दोन-तीन सेकंद थांबून बघणं ही कला आहे. लहान पोरांच्यात मात्र फाऊल झालेला पोरगा खाली पडून रडत असतो आणि त्याच्या संघाचे बाकीचे त्याच्याकडंच बघत उभे असतात. तिथं शिट्टी वाजवून टाकलेली बरी.

कार्डांबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो. दुसरा की तिसरा हंगाम. एका तालुक्याच्या गावात अंतिम सामना, चहूबाजूला माणसं, झाडावरही. पहिल्या डावात ७ नंबरला पिवळं दाखवलं आणि वहीत लिहिलं नुसतं ‘७’. दुसऱ्या डावात ७ नंबरनं मागून पाय घातला, पिवळं काढलं, वहीत बघितलं तर ७ आधीच आहे, लगेच लाल दाखवलं. पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. ते दुसऱ्या संघाचं ७ होतं. माझ्या लाइनमननं निशाण हलवत पळत येऊन कानात सांगितलं म्हणून वाचलो. खेळ पुन्हा सुरू झाला नव्हता, तोवर निर्णय बदलता येतो. एकदा सुरू झाला की नाही. मी लाल मागं घेतलं, दोन्ही कॅप्टनना बोलावून ‘माझी चूक झाली’ म्हटलं आणि फ्री किक घ्यायला लावली. झाडावरून काय काय ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून माझ्या वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडं एक संघ, उजवीकडं दुसरा. तुझ्याही असू दे.

कार्ड दाखवायची रीत सोपी आहे. शिट्टी, थांब, खेळाडूला इतरांपासून बाजूला घे, आधी लिही, मग दाखव. पळत जाऊन नाकासमोर कार्ड नाचवायचं नाही. या कार्डांची कल्पना केन ॲस्टन या इंग्लिश पंचाची. १९६६ च्या विश्वचषकात कुणाला ताकीद मिळाली हे खेळाडूंनाच कळलं नव्हतं, त्यावर विचार करताना त्याला सिग्नलचे दिवे सुचले, आणि १९७० च्या विश्वचषकात कार्डं आली. म्हणजे कार्ड आहे ते निर्णय सगळ्यांना कळावा म्हणून. पंचाचा राग दाखवायला नाही.

आता शिव्या. प्रेक्षकाला कार्ड दाखवता येत नाही, त्याच्याशी वादही घालायचा नाही. तुझा संबंध मैदानातल्या खेळाडूंशी आणि बाकावरच्या प्रशिक्षकांशी. २०१९ पासून बाकावरच्या मंडळींनाही कार्ड दाखवता येतं, हे विसरू नकोस, पण पहिल्या महिन्यात खिशात हात घालायच्या आधी एकदा जवळ जाऊन हळू आवाजात सांगून बघ: ‘सर, तुमचं ऐकून पोरं बोलायला लागलीत.’ बहुतेक शिक्षक वरमतात. पालक हाताबाहेर गेले तर खेळ थांबव, आयोजकाला बोलावून घे आणि सांग, ते बाजूला गेले की सुरू करतो. थांबलेल्या सामन्यात सगळ्यांचं लक्ष त्या एका माणसाकडं जातं, आणि तेवढं त्याला पुरतं. खेळाडूंपैकी बोलायचं तर कॅप्टननं, बाकीच्यांनी लांब. ही सवय पोरांना आत्ताच लागली तर पुढं आम्हाला सोपं जाईल.

तालमीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण तो मैदानात सुटत नाही. कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा आहे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि पंच कुठल्या पेठेत राहतो हे गॅलरीला पंचाच्या आधी माहीत असतं. तो सामना तुला एवढ्यात मिळणार नाही, काळजी नको. पण आत्ताच एक काम कर: सामने वाटणाऱ्यांना लेखी कळव की मी अमुक तालमीकडून खेळलोय, त्यांचा सामना मला देऊ नका. ज्या सामन्याच्या निकालावर तुझ्या तालमीचं पुढं जाणं अवलंबून आहे, तोही नको. ते विचारायची वाट बघू नकोस, आपण होऊन सांग. आणि पेठ सोडायची गरज नाही. गणपतीला जा, वर्गणी दे, आरतीला उभा राहा. फक्त हंगामात त्यांच्या निशाणाखाली गॅलरीत बसू नकोस, आणि मोबाईलच्या स्टेटसला त्यांच्या विजयाची मिरवणूक लावू नकोस. त्या फोटोचा स्क्रीनशॉट दोन वर्षांनी तुझ्या पेनल्टीच्या निर्णयाखाली फिरतो. माझ्या पेठेतली मंडळी पहिली दोन वर्षं माझ्याशी धड बोलली नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच आपसातल्या सामन्याला पंच हवा होता तेव्हा रात्री ११ ला दार वाजवलं.

सामना संपला की अहवाल त्याच रात्री. काय पाहिलं, काय ऐकलं, कितव्या मिनिटाला, कुणी. शिवी दिली असेल तर ती जशी होती तशी लिही. ‘अपशब्द वापरले’ एवढ्यावर शिस्त समितीला काही ठरवता येत नाही. ‘मला वाटतं त्यानं मुद्दाम केलं’ हे लिहायचं नाही. आणि कधी सामना अर्धवट सोडावा लागला तर विजेता तू जाहीर करायचा नाहीस. तू घडलेलं कळवायचंस, निकाल ठरवायचा स्पर्धेवाल्यांनी.

पैशाचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो: पहिल्या हंगामात मानधनातून पेट्रोल निघालं तर नशीब समज. पुढची वाट लांब आहे. फिफाच्या यादीत जायला मुख्य पंचाचं वय किमान २५ आणि सहायकाचं, म्हणजे लाइनमनचं, २३ लागतं, तेव्हा तुझ्याकडं वेळ आहे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस सहायक पंच म्हणून २०१६ च्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकापर्यंत गेल्या. तेव्हा लाइनमनचं काम मिळालं तर कमीपणा मानू नकोस. निशाण धरून मोठ्या पंचाला जवळून बघायला मिळतं, तसं कुठल्या वर्गात मिळत नाही.

रविवारी एखाद्या जुन्या पंचाला चहाच्या बोलीवर मैदानावर बोलाव. त्याच्या हातात कोरा कागद दे, त्यावर मैदानाचा आयत काढलेला. तू शिट्टी वाजवलीस की त्यानं दोन ठिपके द्यायचे: एक फाऊल झाला तिथं, एक तू होतास तिथं, आणि दोन्ही रेघेनं जोडायचे. सामन्यानंतर बाकी काही विचारू नकोस, तो कागद घरी ने. माझ्या पहिल्या कागदावर माझे सगळे ठिपके मधल्या वर्तुळात होते आणि रेघा सूर्याच्या चित्रासारख्या चहूकडं गेल्या होत्या.